अंतरपाटावरची मोहरी

ज्या माणसाला कुकरच्या शिट्टीची धास्ती वाटते त्यानं काडतुसांत शोध लावायच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते मत मला कुणी विचारलं नाही, ही गोष्ट वेगळी. त्या वर्षांत आमच्या घरात कुणाला मत हवं असलं की तो जिना चढून वर जाई.

वर म्हणजे आमच्याच वरच्या मजल्यावर. नेहरू नगरातलं हे घर वडिलांनी बांधलं. आजोबा नागपूरच्या सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. वडिलांनी मात्र नोकरीला नकार देऊन जवाहर चौकात बंदुकांचं दुकान टाकलं. ते आता मी चालवतो. वरचा मजला रिकामा होता तेव्हा बरखेड्याच्या मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक इंजिनियर जागा शोधत आले. क्वार्टर सोडायचं होतं. माणूस मराठी, सडाफटिंग, चहासुद्धा न पिणारा. मी हो म्हणालो. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात ते हेच.

त्यांना नावानं कुणी हाक मारतच नसे. बायको त्यांना 'वरचे' म्हणे. माझी मुलगी रेवा 'काका' म्हणे. ते मला 'मालक' म्हणत, आणि असं म्हणत की मालक हे एखादं बिनकामाचं पद असावं.

उंच, किडकिडीत, बाराही महिने अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट. खिशात एक जुनी पितळी डबी, आणि डबीत कापूस. आवाज होणार अशी नुसती शंका आली तरी ते डबी उघडून कानांत बोळे कोंबत. बायको कुकर लावण्याआधी जिन्यात उभी राहून 'लावते हो' म्हणून सांगे, मग हे गच्चीच्या पार टोकाला जाऊन उभे राहत. माझ्यासाठी तिनं उभ्या जन्मात कुठली गोष्ट आधी सांगून केलेली नाही. दिवाळीत तर ते फटाक्यांच्या भीतीनं पचमढीला निघून जात आणि भाऊबीज आटोपल्यावर परतत. रेवा त्यांच्या वाटणीचा फराळ डब्यात राखून ठेवी. त्यातली एखादी करंजी मी उचलली तर ती माझ्याकडे चोराकडे पाहावं तशी पाही.

ह्या गृहस्थांचा बंदुकीशी संबंध आला तो एका दुपारी. गच्चीची किल्ली मागायला ते दुकानात आले. रेवा तेव्हा कॉलेजात होती, राज्याच्या संघात नुकतीच निवड झाली होती आणि माझ्या शेजारी काउंटरवर बसली होती. उडत्या मातीच्या बशा बारा बोरच्या बंदुकीनं फोडायचा तिचा खेळ. पहिल्यांदा बंदुकीचा दस्ता खांद्याला कसा लावायचा, गाल कुठे टेकवायचा, हे तिला मी शिकवलं. ते शिकवलं त्या दिवशी ती माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती ती नजर मी बरीच वर्षं जपून वापरली.

काउंटरवर एक नमुन्याचं, बिनदारूचं काडतूस पडलं होतं. आत काय असतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, खाली दारू, वर छर्रे. मग मध्ये काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मध्ये डाट. ती कशाला, असं विचारल्यावर मी म्हणालो, असते. मिसरूड फुटल्यापासून मी काडतुसं विकतोय आणि गिऱ्हाइकानं मला हा प्रश्न कधी केला नव्हता. त्यांनी माझाच चाकू घेऊन ते काडतूस वर्तमानपत्रावर उभं चिरलं, आतली डाट, म्हणजे प्लास्टिकची एक वाटी, काढली आणि तिच्या चार पाकळ्या बोटानं उघडून रेवापुढे धरल्या.

"हा द्रोण आहे बघ," ते म्हणाले. "छर्रे ह्यात बसून नळीतून जातात. बाहेर पडले की वाऱ्यानं पाकळ्या उघडतात, द्रोण मागे राहतो, छर्रे पुढे जातात. गोळी सगळेच मारतात, मालक. बाहेर पडल्यावर तिचं पुढे काय होतं, हे कुणी विचारत नाही."

शेवटचं वाक्य ते पुढे उठता-बसता म्हणत. मी रेवाकडे पाहिलं आणि मला कळलं की ती माझी जपून ठेवलेली नजर आता दुसऱ्याच्या चेहऱ्यावर होती. किल्ली घेऊन ते गेले, आणि संध्याकाळी रेवा जिना चढून वर गेली.

तेव्हापासून आमच्या घरात काडतुसांचं पुराण सुरू झालं. मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाला बुंदी पाडत होते, तर हे आचाऱ्याच्या कढईशी ठाण मांडून बसले आणि जमलेल्या पोरींना सांगू लागले की छर्रे असेच पाडतात. पूर्वी म्हणे विलायतेत एका नळकाम करणाऱ्याला स्वप्न पडलं की आकाशातून शिशाचा पाऊस पडतोय. मग त्यानं घराची तक्तपोशी फोडून उंचावरून वितळलेलं शिसं चाळणीतून खाली पाण्यात सोडलं, आणि थेंब पडता पडता गोल झाले. "साहब, ज़रा हट के बैठिए, तेल उछलेगा," असं आचारी म्हणाला, तर हे त्याला झारा आणखी उंच धरायला सांगत होते. पोरी, त्यांच्या आया, आणि खुद्द मंडळाचे अध्यक्ष ऐकत उभे राहिले. त्या महाप्रसादाचा निम्मा शिधा माझ्या पैशानं आला होता. बोर्डावर तसं लिहिलंही होतं. बोर्डाकडे कुणी पाहिलं नाही.

रेवाला राज्य स्पर्धेत पदक मिळालं तेव्हा मी पेढे वाटले. मंडळी जमली होती, माझं कौतुक चाललं होतं की घरातच दुकान म्हटल्यावर पोरीला बाळकडू मिळालं. एवढ्यात वरचे खाली आले, त्यांनी एक पेढा उचलला आणि त्याच्या बुडाला अंगठ्यानं खळगा पाडला. जुन्या काळी नळीत गोळी ठोकून बसवावी लागे, त्यात वेळ जाई आणि माणूस मरे. मग कुणाला तरी सुचलं की गोळी जरा सैल करावी आणि तिच्या बुडाला असा खळगा ठेवावा. सैल असल्यामुळे ती सहज आत जाते, आणि बार उडाला की खळगा फुगून नळीला घट्ट धरते. "एवढंच सुचायचं होतं," असं म्हणून त्यांनी पेढा तोंडात टाकला. पाहुण्यांनी आपापले पेढे उलटे करून बघितले. माझं कौतुक जे मध्येच थांबलं ते पुढे सुरू झालं नाही.

मलाही एक कल्पना सुचली होती, अगदी तरुणपणी. काडतुसाच्या पितळी बुडाला बारीक खाचा ठेवायच्या, म्हणजे अंधारात नुसत्या बोटांनी चाचपून कळावं की आत मोठे छर्रे आहेत की बारीक. ही कल्पना मी बायकोला सांगितली नव्हती, वडिलांना सांगितली नव्हती. एकदा दुकानात कुणी नसताना ती मी ह्यांना सांगितली. ते डोळे मिटून बसले, मग म्हणाले की छान आहे, कुठल्याशा देशात कुणीतरी हे करून झालंय, पण तुम्हाला आपलं आपण सुचलं हे मोठं आहे. मनापासून म्हणाले. त्यांनी कुचेष्टा केली असती तर मी त्यांना जागा सोडायला सांगितलं असतं. शाबासकी दिल्यामुळे तीही सोय राहिली नाही.

मग त्यांनी डाट हातात घेतली. रेवाबरोबर ते एकदा रिकाम्या रेंजवर जाऊन आले होते. तिथल्या गवतात प्लास्टिकचे द्रोण पसरलेले असतात, गाई ते चघळतात, उरलेले पावसात वाहून तळ्यात जातात. ते पाहून ह्यांची झोप गेली. मातीत विरघळणारी डाट करायची असं त्यांनी ठरवलं, आणि कशाची करायची म्हणाल तर वर्तमानपत्राच्या लगद्याची. जुन्या बायका घरी लगद्याच्या टोपल्या करायच्या. कागद भिजवायचा, कुटायचा, त्यात मेथ्या वाटून घालायच्या, म्हणजे लगदा धरूनही राहतो आणि कसरही लागत नाही. ह्यांची आई अमरावतीला तशा टोपल्या करायची. माझ्या सासूबाईही करत, हे मला त्या वेळी कळलं, कारण बायको पदर खोचून वर गेली आणि मेथ्या किती हे सांगून आली. थंडीत मेथीचे लाडू झाले नाहीत. मेथ्या संपल्या म्हणे. घराला खलबत्त्याचा आवाज आणि कडवट वास भरून राहिला. खलबत्त्याच्या आवाजाचा मात्र वरच्यांना त्रास होत नसे.

मी विचारलं, आजवर मला कधी सांगितलं नाहीस, टोपल्यांचं?

"तुम्ही कधी विचारलंत?" असं म्हणून तिनं पुन्हा बत्ता उचलला.

दारू भरायला माझी सक्त मनाई होती. बिनपरवाना एक काडतूस भरलं तरी वडिलांच्या वेळचं लायसन्स जाईल, हे मी तिघांनाही बजावलं होतं. पण ह्या माणसाला दारू नकोच होती, कारण दारूचा बार होतो. त्यांनी गच्चीवर एक लोखंडी नळी बसवली, तिला पंक्चरवाल्याकडून आणलेली हवेची टाकी जोडली, आणि छर्ऱ्यांच्या जागी मोहरी घेतली. कळ दाबली की फुस्स आवाज होऊन मेथीची डाट आणि मोहरी बाहेर पडत. गल्लीतली पोरं त्यांना 'फुस्स अंकल' म्हणू लागली. ते ऐकून मला जे सुख झालं ते फार टिकलं नाही, कारण हाक मारली की हे हसून हात हलवत.

मोहरी किती पसरते हे बघायला समोर पांढरं कापड लागे. मोहरी ओल्या हळदीत घोळवून घेत, म्हणजे कापडावर प्रत्येक दाण्याचा पिवळा ठिपका उमटे. एका रविवारी मी गच्चीवर गेलो तर दोरीवर एक कापड वाळत होतं. मध्यभागी कुंकवाचं फिकट स्वस्तिक, आणि त्याच्याभोवती हळदीचे ठिपके दाटीवाटीनं बसलेले. स्वस्तिक ओळखायला मला वेळ लागला नाही. तो माझ्या लग्नातला अंतरपाट होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खाली येऊन बायकोला विचारलं. ती म्हणाली, जुनी चादर हवी होती, चादर सापडेना, ट्रंकेत हा नुसता पडून होता, आणि नेमकं मध्ये चिन्ह असल्यामुळे वरच्यांना नेम धरायला फार बरं पडलं. एवढं सांगून वर तिनं विचारलं की तुम्ही गेल्या इतक्या वर्षांत कधी तो ट्रंकेतून काढून पाहिला होता का. मी नव्हता पाहिला. पण म्हणून दुसऱ्यानं त्यावर मोहरी मारावी असं नाही.

पुन्हा वर गेलो तर रेवा आणि ते त्या कापडापुढे उभे होते, पाठमोरे. त्या सुमारास रेवा अडचणीत होती. राष्ट्रीय संघाची निवड चाचणी तोंडावर आली होती आणि उजवीकडे जाणाऱ्या बशा तिच्या हातून सुटत होत्या. मी तिला दुकानातली सगळ्यात भारी, विलायती, वेगवान काडतुसं देत होतो. ह्यांचं म्हणणं निघालं की रेवा मुळात जरा थांबून बार टाकते, तोवर बशी लांब जाते, आणि तिथे पोचेपर्यंत छर्रे विखरून त्यांच्यात फटी पडतात. खोल द्रोणाची डाट घेतली तर छर्रे जास्त वेळ जवळजवळ राहतात. अंतरपाटावर ते दिसतच होतं. मग त्यांनी माझ्या दुकानात येऊन सगळ्या काडतुसांचे नमुने चिरून पाहिले आणि खालच्या फळीवरचं एक देशी काडतूस उचललं. ते मी नवशिक्यांना सरावासाठी देतो. द्रोण सगळ्यांत खोल त्याचाच होता.

मी विचारलं, "तुम्ही बंदूक कधी हातात धरलीय का?"

"नाही, मालक. मला आवाज सोसत नाही."

मी रेवाकडे वळलो. मला वाटलं, एवढ्यावर तरी ती हसेल.

"बाबा, एकदा ट्राय तर करू द्या ना," ती म्हणाली. "बिगडलं तर माझंच बिगडेल. पर काकांचं लॉजिक सही आहे."

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. माझ्या दुकानातला माल, माझी मुलगी, मी शिकवलेला खांदा, आणि लॉजिक काकांचं.

चाचणीच्या दिवशी मी गाडी चालवत होतो आणि ते दोघं मागे बसले होते. चाचणीला यायचंच असा हट्ट रेवानं धरला, म्हणून ते आयुष्यात पहिल्यांदा बार होताना रेंजवर आले. कानांत बोळे, त्यांच्यावर मफलर, त्याच्यावर हात. मी अगदी पुढे, कठड्याशी उभा राहिलो. रेवानं बंदूक खांद्याला लावली, बशी सोडायची हाक दिली, खड्ड्यातून नारिंगी बशी उजवीकडे सुटली, आणि माझ्या मनात आलं, चुकू दे. मोठं काही नको, एकच चुकू दे, म्हणजे रात्री जेवताना मी गप्प बसेन आणि तिला समजेल. बशीचा धुरळा झाला. पुढचीचाही झाला. मी प्रत्येक बशीला तेच मागत होतो आणि देव माझं काही ऐकत नव्हता.

शेवटची बशी फुटली. निवड झाली हे आकडे लागायच्या आधीच सगळ्यांना कळलं होतं. रेवानं बंदूक बिजागरीपाशी उघडून खांद्यावर टाकली आणि मागे वळून पाहिलं. मी हात वर केला. तिची नजर माझ्या हातावरून पुढे गेली, मागच्या कडुलिंबापाशी. मीही वळून बघितलं. वरचे झाडाकडे तोंड करून, खांदे आखडून, रेंजकडे पाठ फिरवून उभे होते. त्यांनी एकही बशी पाहिली नव्हती. तिचं बघणंही त्यांनी पाहिलं नाही. ते मी पाहिलं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं. येताना त्यांनी तिला गुणसुद्धा विचारले नाहीत. डाट किती लांब जाऊन पडत होती, एवढंच विचारलं, आणि ती घर येईपर्यंत त्यांना सांगत राहिली.

त्यांच्या मेथीच्या डाटेचं पुढे काही झालं नाही. काडतुसं करणाऱ्या एका कारखान्याला त्यांनी नमुने पाठवले. उत्तर आलं की कल्पना चांगली, पण पावसाळ्यात लगदा दमट हवेनं फुगतो आणि काडतूस नळीत अडकतं. मी ही बातमी खाली ऐकली आणि मुद्दाम वर गेलो. पडलेला चेहरा बघावा, दोन सांत्वनाचे शब्द बोलावेत, अशी माझी फार इच्छा होती. तर हे खूष. "फुगतो, मालक! म्हणजे त्याला पाणी कळतं," असं ते म्हणाले. बादलीत त्यांनी लगद्याच्या डाटा भिजत घातल्या होत्या आणि त्यांच्याकडे टक लावून बसले होते. मी दुकान चालवलं, घर राखलं, वडिलांचं लायसन्स सांभाळलं, आणि हरल्यावर इतकं खूष होणं मला एकदाही जमलेलं नाही. मला त्यांचा सगळ्यात जास्त हेवा वाटला तो त्या बादलीपाशी.

रेवाचं लग्न गेल्या हिवाळ्यात झालं. मुलगा इंदूरचा, शिकलेला, शांत. नाव ठेवायला जागा नव्हती, पण मला तो आवडला नव्हता. रेवाच्या अटी दोनच. अंतरपाट ठिपक्यांचाच हवा, आणि त्याचं एक टोक काका धरतील. मी म्हटलं, लोक काय म्हणतील, अंतरपाटावर हळद कसली उडवलीय? गुरुजी म्हणाले, हळद तर शुभच. गुरुजीसुद्धा त्यांच्याच बाजूचे.

बँड दारात होता, म्हणून वरचे बोळे घालूनच मांडवात आले. एक टोक गुरुजींच्या हातात, एक त्यांच्या. पलीकडे नवरामुलगा, अलीकडे हार घेऊन रेवा, आणि मी तिच्या मागे. मंगलाष्टकं सुरू झाली. मी पाहिलं, ह्यांचे ओठ हलत होते. मला आधी वाटलं मंगलाष्टकं म्हणताहेत. ते ठिपके मोजत होते.

शेवटचं सावधान झालं, अक्षता उडाल्या, बँड वाजला. गुरुजींनी अंतरपाट आपल्याकडे ओढला. ह्यांना काही ऐकूच गेलं नव्हतं. मोजणी मध्येच बिघडते म्हणून त्यांनी आपलं टोक आणखी घट्ट धरलं. गुरुजींनी पुन्हा ओढला, ह्यांनी पुन्हा ताणला. कापड नवरा-नवरीच्या मध्ये तसंच. मांडवभर हशा पिकला. मी पुढे होणार इतक्यात रेवानं हार एका हातात घेतला, दुसरा हात लांब करून ह्यांच्या कानातला बोळा हळूच काढला आणि म्हणाली, "काका, झालं. आता सोडा."

त्यांनी सोडला. अंतरपाट बाजूला झाला. त्या क्षणी नवरीनं नवऱ्याकडे पाहायचं असतं. रेवा बोळा चिमटीत धरून वरच्यांकडे बघत हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

मी नवऱ्यामुलाकडे पाहिलं. तो हार वर धरून तसाच उभा होता, त्याची नजर तिच्यावर, तिची वरच्यांवर. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं होतं ते मी कितीतरी वर्षं दाढी करताना आरशात बघत आलो होतो. जावई मला आवडला तो तेव्हापासून.